डी आन्झा किंवा फूटहिल कॉलेजला जाण्यापूर्वी
विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

बारावीनंतर अमेरिकेत जायचे आहे, पण चार वर्षांच्या विद्यापीठाचा खर्च झेपणार नाही, अशी अडचण घेऊन अनेक कुटुंबे आमच्याकडे येतात. कोणीतरी त्यांना कम्युनिटी कॉलेजचे नाव सुचवलेले असते. मार्ग चांगला आहे आणि आम्ही तो मनापासून सुचवतो. मात्र पहिल्या आठवड्यापासून नियोजन करणाऱ्यालाच तो लाभतो. "आधी जाऊ, मग बघू" म्हणणाऱ्या मुलांचे एक वर्ष आणि बरेच पैसे सहज वाया जातात.

हे पत्रक कॅलिफोर्नियातल्या दोन जोड-कॉलेजांविषयी आहे. क्युपर्टिनोचे डी आन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचे फूटहिल ही दोन्ही एकाच डिस्ट्रिक्टची, म्हणजे एकाच सरकारी व्यवस्थापनाखालची, कॉलेजे आहेत. सॅन होजेच्या आसपासच्या उपनगरांत ती वसली आहेत आणि मराठी घरांना हा भाग नवा नाही.

हे कॉलेज म्हणजे नेमके काय

अमेरिकेतले कम्युनिटी कॉलेज सरकारी असते आणि प्रवेश सर्वांना खुला असतो. एसएटी ही अमेरिकी प्रवेश परीक्षा लागत नाही. इंग्रजीची परीक्षा लागते, पण अपेक्षित गुण मोठ्या विद्यापीठांपेक्षा बहुधा कमी असतात. येथे पदवीची पहिली दोन वर्षे होतात. त्यानंतर 'ट्रान्सफर' घेऊन विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो आणि पदवी त्या विद्यापीठाचीच मिळते. अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाकही काही काळ डी आन्झात शिकले होते.

वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी नोकरी सांभाळून शिकणारी पंचेचाळीस वर्षांची बाईही बसलेली दिसेल. ही आम्हाला या कॉलेजांची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्राध्यापकांचे मुख्य काम शिकवणे हेच असते आणि भेटीच्या ठरलेल्या वेळेत ते खरोखर भेटतात. त्या वेळेचा उपयोग करा. आपली मुले संकोचाने जात नाहीत आणि पुढे शिफारसपत्र मागायची वेळ आली की ओळखीचे कोणीच नसते.

युनिटचा हिशेब, सर्वांत महत्त्वाचा

या दोन्ही कॉलेजांत सेमिस्टर नसून क्वार्टर असतो. सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या वर्षात तीन क्वार्टर येतात, प्रत्येक सुमारे बारा आठवड्यांचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली नाही तर पुढे सावरायला वेळच उरत नाही. आपल्याकडे वर्षअखेरच्या अभ्यासावर निभावून जाते, तसे येथे होत नाही. गृहपाठ, छोट्या चाचण्या आणि मधल्या परीक्षा या सगळ्यांचे गुण जीपीएत, म्हणजे सरासरी गुणांकात, धरले जातात.

प्रत्येक विषयाला ठरावीक युनिट, म्हणजे श्रेयांक, असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला प्रत्येक क्वार्टरला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी लागतात ९० युनिट. दोन वर्षांत सहा क्वार्टर, म्हणजे १२ च्या हिशेबाने ७२ युनिट. उरलेले १८ कुठून आणणार? म्हणून दर क्वार्टरला सरासरी १५ धरून चला, किंवा उन्हाळी सत्राचा आधार घ्या. नुसते किमान पाळणारा विद्यार्थी दोन वर्षांत मोकळा होत नाही, आणि वाढीव वर्षाचे भाडेही पालकांनाच भरावे लागते.

विषयांची साखळी असते, हेही आधीच पाहून ठेवा. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना डी आन्झात मॅथ १ए, १बी, १सी आणि १डी असे चार क्वार्टर कॅल्क्युलस क्रमाने करावे लागते. भौतिकशास्त्राच्या ४ए साठी आधी मॅथ १ए हवे. पहिल्या क्वार्टरला मॅथ १ए मध्ये जागा मिळाली नाही, तर त्यामागचे सगळेच पुढे सरकते. बारावीला कॅल्क्युलस झालेले असले तरी त्याचे युनिट मिळतील असे गृहीत धरू नका. नव्या विद्यार्थ्यांची नोंदणी जुन्यांच्या नंतर उघडते, त्यामुळे ज्या दिवशी तुमची वेळ येईल त्याच दिवशी, त्याच तासाला नावे नोंदवा. वेटलिस्टवर असाल तरी पहिल्या तासाला हजर राहा.

आणखी एक अडचण आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. कोविडनंतर या कॉलेजांत ऑनलाइन वर्ग पुष्कळ वाढले. मात्र एफ-१ च्या किमान युनिटांत एका सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. प्रत्यक्ष वर्गाच्या जागा आधी भरल्या आणि हाती ऑनलाइनच उरले, तर पेच पडतो. कोणताही विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. परवानगीशिवाय १२ च्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो आणि नंतर दिलेले स्पष्टीकरण फारसे उपयोगी पडत नाही.

ट्रान्सफरची हमी

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, हिचे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. या हमीला 'टॅग' म्हणतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे ते सहा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. तिथे अर्ज जरूर करा, पण कोणी तुम्हाला "यूसीएलए पक्के" असे सांगत असेल तर ते खोटे आहे.

टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पससाठी करता येतो. विद्यापीठाचा मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा भरायचा असतो आणि तो राहिला तर हमी संपते. जीपीएची अट कॅम्पसप्रमाणे आणि विषयाप्रमाणे बदलते. काही विषय हमीतून वगळलेले असतात, उदाहरणार्थ सांता बार्बराचे अभियांत्रिकी महाविद्यालय. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच बैठकीत ते स्वतः उघडून वाचायला लावतो. शेजारच्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीसारखी कॅल स्टेटची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठ-समूहाची, विद्यापीठेही विचारात घ्या. आपल्याकडे यूसीचे नाव मोठे असल्यामुळे पालक त्यांच्याकडे बघतही नाहीत, हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

पैसे

इंटरनेटवर दिसणारी ३१ डॉलर प्रति युनिट ही फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी आहे. भारतातून एफ-१ वर जाणाऱ्याला रहिवासी नसलेल्याची फी लागते आणि ती त्याच्या कित्येक पट असते. चालू वर्षाचा आकडा कॉलेजच्या पानावरच पाहा, आमच्यासह कोणाच्याही तोंडी आकड्यावर विसंबू नका. बचत खरी आहे, पण ती पहिल्या दोन वर्षांपुरतीच. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला यूसीची बाहेरच्यांसाठी असलेली भरभक्कम फी पूर्ण भरावी लागते. म्हणून अंदाजपत्रक चार वर्षांचे करा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हे कॉलेज बँकेला चालते का, हे आधी लेखी विचारून घ्या.

या कॉलेजांच्या आवारात वसतिगृह नाही. क्युपर्टिनोचे भाडे अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या भाड्यांपैकी आहे, त्यामुळे बहुतेक मुले सॅन होजे किंवा सनीवेलकडे खोली भागीदारीत घेतात. डी आन्झाला व्हीटीए या स्थानिक सार्वजनिक वाहतूक संस्थेची २३ नंबरची आणि ५२३ नंबरची जलद बस थेट जाते. खोली या मार्गांजवळ पाहा, म्हणजे गाडी घ्यावी लागणार नाही. फूटहिल टेकडीवर आहे आणि गाडीशिवाय तिथली ये-जा जास्त वेळखाऊ होते. एवढ्या एका कारणासाठीही आम्ही काही विद्यार्थ्यांना डी आन्झा सुचवतो. आरोग्य विमा सक्तीचा आहे, तो खर्चात धरा.

अॅपलचे मुख्यालय क्युपर्टिनोतच आहे आणि १९८४ साली पहिला मॅकिंटॉश जगाला दाखवला गेला तो डी आन्झाच्याच फ्लिंट सेंटरमध्ये. पण "कंपनी शेजारी, म्हणजे नोकरी शेजारी" असा अर्थ काढू नका. सत्र चालू असताना एफ-१ वर कॉलेजच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. या पैशातून फी भरता येत नाही, फार तर किराणा भागतो. असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, पदवीनंतर एक वर्षाची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळू शकते. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी असलेली २४ महिन्यांची वाढ मात्र त्या पदवीवर मिळत नाही, ती बॅचलर्सनंतरच.

व्हिसाची मुलाखत

विद्यापीठ सोडून कम्युनिटी कॉलेज का, हा प्रश्न येणारच असे समजून तयारी करा. पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. दोन वर्षांत कोणते विषय, मग कोणते कॅम्पस, चार वर्षांचा खर्च कोण आणि कशातून करणार, एवढे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) ३५० डॉलर आणि व्हिसाची १८५ डॉलर फी वेगवेगळी भरायची असते. व्हिसा मिळेल अशी हमी आम्ही देत नाही आणि ती देणाऱ्याला पैसे देऊ नका.

आधीपासून तिथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे परिसरात) एच-४ वर, म्हणजे एच-१बी सारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पालकांचे अवलंबित म्हणून, असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त वास्तव्य आणि कागदपत्रे असतील तर त्यांना रहिवाशाची फी लागू होऊ शकते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपते. त्यामुळे मूल विसाचे होण्याआधीच कॉलेजशी आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला.

आमच्याकडे येताना

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि घरच्या उत्पन्नाचा खरा अंदाज घेऊन या. विद्यार्थ्याने स्वतः यावे, फक्त पालकांनी नाही. एखाद्या कॉलेजकडून आम्हाला कमिशन मिळते का, हे पहिल्याच भेटीत विचारा, आम्ही सांगू. इतर सल्लागारांकडे गेलात तर त्यांनाही हाच प्रश्न विचारा.