उजेडाच्या रेट्यानं रोडावणारे तारे

फेब्रुवारीअखेर रात्री दहाच्या सुमारास इंदुरात गच्चीवर गेलात, तर दक्षिणेकडे फारसं काही हाती लागत नाही. शहराचा झगमगाट आडवा येतो. त्यापेक्षा महूच्या पुढे जाम दरवाजा गाठावा. तिथून घाट निमाडात उतरतो, त्यामुळे दक्षिण क्षितिज मोकळं मिळतं. आधी दक्षिण क्षितिजाजवळचा ठळक तारा अगस्त्य हेरायचा. हात ताणून त्याच्या डावीकडे वीतभर सरकलं की क्षितिजापासून दोन मुठी उंचीवर गॅमा वेलोरम, आणि तिच्या जरा वर झीटा पपिस. मृगातला तांबडा काक्षी एव्हाना पश्चिमेकडे कललेला असतो. अगस्त्य सोडून हे तिन्ही तारे वजनदार, आणि तिन्ही झपाट्यानं रोडावताहेत.

वस्तुमान सूर्यही गमावतो, पण आताच्या वेगानं हजार कोटी वर्षांतही त्याचा हजारावा हिस्सा जाणार नाही. झीटा पपिस मात्र काही लाख वर्षांत अख्ख्या सूर्याएवढा ऐवज उधळते. तिचा पृष्ठभाग सुमारे ४०,००० अंश तापलेला, म्हणजे उजेड बहुतांशी अतिनील. वरच्या थरांतले लोखंड, कार्बन, नायट्रोजन यांचे आयन (विद्युतभारित अणू) ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. शोषताना धक्का बसतो तो बाहेरच्या दिशेनं. परत सोडताना मात्र प्रकाश कुठल्याही दिशेला जातो. हिशेबात बाहेरचा रेटा उरतो. खरी गंमत पुढे आहे. वायूनं वेग घेतला की डॉपलर परिणामामुळे (हलत्या वस्तूला प्रकाशाची तरंगलांबी बदललेली भासते) त्याच्या वाट्याला ताऱ्याच्या प्रकाशातली वेगळी, अजून कुणी न शोषलेली तरंगलांबी येते आणि नवा धक्का बसतो. असं होत होत बाहेर पडणारा हा वायू, म्हणजे ताऱ्याचा वारा, सेकंदाला २,००० किलोमीटरच्या वर जातो. इंदूरहून मुंबई पाव सेकंदात!

काक्षीचं तंत्र निराळं. तो थंड, फुगलेला. वारा संथ आणि धुळकट. त्यानं वायूचा मोठा लोट फेकला, त्याची धूळ झाली आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात तारा जवळपास तिसऱ्या हिश्शावर मंदावला. स्फोट होणार म्हणून तेव्हा जो गाजावाजा झाला, तो फुकाचा होता.

गॅमा वेलोरमच्या जोडीतला एक तारा तर पार सोलून निघालाय. हायड्रोजनचं आवरण गेलं, आणि हेलियम जळून गाभ्यात तयार झालेला कार्बन वर उघडा पडला. अशांना वुल्फ-राये तारे म्हणतात. १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत पहिले सापडले. आज तो सूर्याच्या नऊएक पट उरलाय, आणि मुळात कमी वजनाचा त्याचा जोडीदार तिपटीनं जड! अशा जोड्यांत शेजारी तारा वस्तुमान ओढून घेतो, वजन घटण्याचा हा दुसरा मार्ग.

म्हणून ‘जन्माचं वजन ताऱ्याचा शेवट ठरवतं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. वायूत लोखंड कमी असेल तर उजेडाला पकडच मिळत नाही, वारा मंदावतो आणि तारा जडच राहतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातले सूक्ष्म तरंग) सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वजनाच्या कृष्णविवरांच्या मीलनातून आल्या होत्या. सूर्याइतकं लोखंड असलेल्या ताऱ्यांना एवढं वजन शेवटपर्यंत टिकवणं अवघड. त्यामुळे त्या दोघांचे मूळ तारे लोखंडाची वानवा असलेल्या वायूतून जन्मले असावेत, असा निष्कर्ष निघाला.