सुरकुत्यांवरील बोटुलिनम इंजेक्शनचा खर्च

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सौम्य करण्यासाठी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने घेतली, तर त्यांचे बिल किती येते आणि ते कशावर ठरते, हा या नोंदीचा विषय. बोलण्यात या उपचाराला सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात. प्रत्यक्षात ते एका कंपनीच्या औषधाचे नाव आहे आणि दरांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एकाच रस्त्यावरच्या दोन स्किन क्लिनिकांत दुप्पट फरकाचे आकडे ऐकू येतात. दोघेही खरे बोलत असू शकतात, कारण त्यांनी सांगितलेले ‘एक युनिट’ एकच असेल असे नाही.

हे औषध क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूच्या विषापासून बनते. जर्मनीत युस्टिनस केर्नर या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप हे विष अडवते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते अत्यल्प मात्रेत तिरळेपणावर वापरले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी मान्यता दिली. पुढे अ‍ॅलर्गन कंपनीने ते विकत घेतले आणि बोटॉक्स हे नाव दिले. व्हँकुव्हरमधल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांच्या उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या कपाळावरच्या आठ्या सैल पडत होत्या. त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी १९९२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र २००२ साल उजाडले.

शंभर युनिटच्या बाटलीत हे प्रथिन काही नॅनोग्रॅम एवढेच असते, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाच्या हिशेबात. तेव्हा ग्राहक कच्च्या मालाचे पैसे देत नाही. पैसे जातात ते एवढ्या घातक पदार्थाची मात्रा दर बॅचला तंतोतंत तेवढीच राखण्याच्या खटाटोपाला. ‘युनिट’ हे मूळचे वजनाचे माप नव्हेच. ठरावीक वजनाच्या उंदरांच्या पोटात टोचल्यावर त्यांतले निम्मे मरतील एवढी मात्रा म्हणजे एक युनिट. बोटॉक्सच्या बॅचची ताकद उंदरांऐवजी पेशींवर तपासण्याची परवानगी अ‍ॅलर्गनला २०११ मध्ये मिळाली. साध्या गोळ्यांची जेनेरिक आवृत्ती निघते आणि भाव कोसळतात, तसे इथे सहज होत नाही. जिवाणूचा वाण, तो वाढवण्याची रीत, प्रथिन शुद्ध करण्याचे कसब ही पेटंटपेक्षाही गुपित म्हणून जपलेली मालमत्ता आहे. दक्षिण कोरियातल्या मेडिटॉक्स आणि देवूंग या कंपन्या जिवाणूच्या वाणाच्या चोरीच्या आरोपावरून अमेरिकेपर्यंत भांडत गेल्या. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने देवूंगच्या औषधाच्या आयातीवर २१ महिन्यांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ते औषध अमेरिकेत विकणाऱ्या इव्होलस कंपनीशी मेडिटॉक्सची तडजोड झाली.

ब्रँड आणि युनिट

बोटॉक्सशिवाय डिस्पोर्ट, झिओमिन, ज्यूव्हो, डॅक्सिफाय, लेटिबो ही औषधे अमेरिकेत मान्य आहेत. त्यांपैकी ज्यूव्हो आणि लेटिबो कोरियात तयार होतात. भारतात आयात केलेल्या ब्रँडच्या जोडीला मुंबईच्या गुफिक बायोसायन्सेसचे स्टनॉक्ससारखे देशी पर्यायही आहेत. स्पर्धक वाढले की भाव उतरतो. दक्षिण कोरियात अनेक देशी कंपन्या या धंद्यात असल्याने तिथे हा उपचार स्वस्त आहे.

एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटइतके नसते, ही यातली खरी गोम. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट, झिओमिनची २०, डिस्पोर्टची ५० आणि डॅक्सिफायची ४० आहे. डिस्पोर्टचा प्रति युनिट दर बोटॉक्सच्या निम्म्याहून कमी दिसला म्हणून कुणी खूश झाले, तर ते अर्ध्या लिटरचा भाव पाहून लिटरभर दूध स्वस्त मिळाले असे समजण्यासारखे आहे. ब्रँडचे नाव न सांगता नुसता प्रति युनिट दर सांगितला, तर त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

किती लागते

स्नायू जेवढा मोठा आणि जोरकस तेवढी मात्रा जास्त. म्हणून पुरुषांना बहुधा स्त्रियांपेक्षा अधिक युनिट लागतात. बोटॉक्सच्या अमेरिकी माहितीपत्रकानुसार भुवयांमध्ये २०, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्यांसाठी मिळून २४ आणि कपाळाच्या आडव्या रेघांसाठी २०, म्हणजे तिन्ही जागी एकत्र ६४ युनिट होतात. समजा, दर युनिटला ३०० रुपये आहे. मग १९,२०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,४५६ धरले की बिल २२,६५६ वर जाते. बरेच डॉक्टर याहून कमी मात्रा वापरतात, विशेषतः चेहऱ्याची हालचाल थोडी राहू द्यायची असेल तेव्हा. अलीकडे या कमी मात्रेला ‘बेबी बोटॉक्स’ असे लाडिक नाव पडले आहे. जबड्याचा कोन बारीक दिसावा म्हणून चावण्याच्या स्नायूत टोचायचे असेल, तर हिशेब पुन्हा वर चढतो, कारण तो स्नायू दांडगा असतो.

वरचा आकडा एका खेपेचा आहे. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता बसतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. वर्षभर चेहरा तसाच ठेवायचा तर तीन खेपा धराव्या लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणात वर्षाचे ६८ हजारांच्या घरात जातात. दागिना एकदा घडवला की घरात राहतो. हा खर्च मात्र घरभाड्यासारखा आहे. डॅक्सिफायचा परिणाम अनेकांमध्ये सहा महिन्यांच्या आसपास टिकतो, त्यामुळे त्याची तुलना एका खेपेच्या बिलावर करण्यात हशील नाही. दर महिन्याला किती पडले, हे पाहावे लागते.

बाटली उघडल्यावर

नवी बाटली हातात घेतली तर रिकामीच वाटते. बोटॉक्स निर्वात वाळवलेले असते आणि तळाशी जेमतेम एक पातळसा थर दिसतो. बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. डॉक्टर सिरिंजमध्ये सलाइन भरून सुई बुचातून आत घालतात, तेव्हा आतली निर्वात पोकळी सलाइन आपोआप ओढून घेते. ती ओढली गेली नाही तर बाटली टाकून द्यावी, असे माहितीपत्रकच सांगते. शंभर युनिटच्या बाटलीत अडीच मिलिलिटर सलाइन घातले, तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. असे पाच टोचे भुवयांच्या मध्ये दिले की २० युनिट झाले. आता त्याच बाटलीत पाच मिलिलिटर घातले, तर तेवढ्याच थेंबात २ युनिट उरतात. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन्ही वेळी सिरिंज तेवढीच भरलेली दिसते आणि टोचेही तेवढेच लागतात.

‘स्वस्तातल्या’ पॅकेजविषयी जी कुजबुज असते, ती मुख्यत्वे या पाण्यावरून. दुधात पाणी घालण्याची उपमा ऐकू येते, पण ती अर्धीच बरोबर आहे. जास्त पातळ करणे ही मुळात लबाडी नाही. काही डॉक्टर ठरावीक जागी मुद्दाम तसे करतात. लबाडी होते ती टोचलेले युनिट आणि बिलातले युनिट यांच्यात तफावत पडली तर. त्यामुळे सिरिंज किती भरली होती याला महत्त्व नाही. ब्रँड कोणता, प्रत्येक जागी किती युनिट गेले आणि बाटलीचा बॅच क्रमांक काय, हे केसपेपरवर लिहून मागावे. चांगल्या क्लिनिकात ते न मागताही लिहिले जाते, आणि बाटली समोर फोडायला सांगितले तर कुणी तोंड वाकडे करत नाही.

विरघळवलेले बोटॉक्स २४ तासांत वापरावे आणि एक बाटली एकाच रुग्णासाठी असावी, असे कंपनीचे माहितीपत्रक म्हणते. व्यवहारात मात्र उरलेल्या औषधाचे काय करायचे, हा क्लिनिकपुढचा पैशाचा प्रश्न असतो. २० युनिटची गरज असणारा एकच माणूस आला तर शंभराच्या बाटलीतले ८० पडून राहतात. म्हणून ५० युनिटच्या बाटल्या आल्या, आणि म्हणूनच काही ठिकाणी एकाच दिवशी अनेकांना बोलावून दर उतरवतात.

हात, जागा, कर

बिलातला मोठा वाटा टोचणाऱ्या हाताचा असतो. टोचायला दहा मिनिटे लागतात, पण सुई काही मिलिमीटर चुकली तर पापणी खाली उतरते आणि ती पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. एकदा स्नायूत गेलेले औषध काढून घेता येत नाही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन जास्त घेतात, ते मुख्यत्वे हे टाळण्याचे. तपासणी फी वेगळी आहे का आणि दोन आठवड्यांनी लागलाच तर टच-अप (राहिलेली कसर भरणारे जादा इंजेक्शन) दरात धरला आहे का, या दोन गोष्टींनी अंतिम रक्कम बरीच हलते. मोठ्या शहरातल्या महागड्या वस्तीचे भाडेही अर्थातच त्यात येते.

दर सांगण्याची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिकेत प्रति युनिट दर रूढ आहे आणि तो बहुधा १० ते २० डॉलरच्या दरम्यान असतो. ब्रिटनमध्ये ‘एक जागा, दोन जागा, तीन जागा’ असा हिशेब चालतो. त्यात ग्राहकाला आकडा आधी कळतो, पण किती युनिट मिळाले ते कळत नाही. तिथे हे औषध डॉक्टरी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, टोचणारा मात्र डॉक्टरच असला पाहिजे असे बंधन नाही. दरांतल्या तफावतीचे एक कारण तेही आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील कुणालाही निव्वळ रूपासाठी हे इंजेक्शन देणे गुन्हा आहे.

भारतात वैद्यकीय सेवांना जीएसटीतून सूट आहे. पण त्या सवलतीतून हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी वगळली आहे. जन्मजात दोष किंवा अपघातातली इजा दुरुस्त करायची असेल तरच ती पुन्हा आत येते. त्यामुळे सुरकुत्यांच्या बिलावर सहसा १८ टक्के लागतात, आणि फोनवर सांगितलेला दर करासह की कराविना हे विचारून घेतलेले बरे. आरोग्य विम्याचा इथे उपयोग नाही, कारण पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत ‘एक्सक्ल-०८’ (Excl08) या संकेताखाली कॉस्मेटिक उपचार बाजूला काढलेले असतात. हेच औषध जुनाट अर्धशिशीसाठी दिले जाते तेव्हा मात्र चित्र पालटते. अमेरिकेत २०१० पासून त्यासाठी मान्यता आहे, दर बारा आठवड्यांनी ३१ जागी मिळून १५५ युनिट टोचतात, आणि तिथल्या विमा कंपन्या अटींसह ते पैसे देतात. तेव्हाही काही सुया कपाळातच जातात.

फारच स्वस्त असेल तेव्हा

२००४ मध्ये फ्लोरिडात चार जणांना सुरकुत्यांच्या नावाखाली मान्यता नसलेले, प्रयोगशाळेसाठीचे विष टोचले गेले आणि ते चौघेही पक्षाघाताच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचले. २०२४ च्या वसंतात अमेरिकेच्या ११ राज्यांत २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या रीतीने दिलेल्या इंजेक्शनांनी त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांतली काही इंजेक्शने घरात किंवा स्पामध्ये दिली गेली होती. बनावट खोक्यांवर ‘१५० युनिट’ छापले होते, आणि मूळ कंपनी १५० ची बाटली बनवतच नाही.

परदेशात राहणारे अनेक मराठी लोक डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येतात, तेव्हा दातांच्या कामासोबत हेही उरकून घेतात. डॉलरात मोजले तर दर कमी पडतो, यात शंका नाही. मात्र खरा परिणाम चौदाव्या दिवशी दिसतो. एक भुवई वर आणि एक खाली राहिली तर टच-अप त्याच डॉक्टरकडे त्या सुमारास व्हावा लागतो, आणि तेव्हा अनेकांचे परतीचे विमान सुटलेले असते. सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर इंजेक्शन पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावे लागते. लग्नकार्य असेल तर मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी.