भंडाऱ्याचा मंडारा का होतो?

परवा रात्री नागपुरातून भंडारा रोडला लागलो. पारडी मागे पडली तसं भाच्याने विचारलं, "मामा, हे मंडारा कुठं आलं?" पोरगा पाचवीत आहे, वाचायला पक्का. जवळ गेलो तर पाटीवर ठळक, जाडजूड ‘भंडारा’च होतं.

अक्षर जाड केलं की लांबून वाचता येतं, असं आपण धरून चालतो. रात्रीच्या पाटीवर बऱ्याचदा उलटं होतं. भ आणि म यांत फरक किती? डावीकडे शिरोरेषा तुटते ती फट आणि तिथला वळसा. ध-घ चंही तसंच. म्हणजे आपल्या शहरातून निघणारे वर्धा आणि भंडारा हे दोन्ही रस्ते एका फटीच्या भरवशावर!

ती फट दिसायला चांगल्या डोळ्यालाही एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन लागतो. १०० मीटरवरून पाहिलं तर हे अंतर जवळपास ३ सेंटिमीटर भरतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी ते १०० मीटर साडेचार सेकंदांत संपवते. त्यात अंधार. डोळ्याची बाहुली मोठी होते, भिंगाच्या कडेकडून आलेले किरण डोळ्याच्या पडद्यावर एका बिंदूत जुळत नाहीत. पाटीचा चमकणारा कागद हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत धाडतो आणि तो डोळ्यात विखुरतो. पांढरं अक्षर फुगतं, फट बुजते. अक्षर जाड असेल तर फट मुळातच अरुंद, ती आधी बुजते. मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यात तर विचारूच नका.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. तिथं फुगते ती पार्श्वभूमी, आणि अक्षरच बारीक दिसतं. ब्रिटनच्या रस्त्यांसाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचा टंक केला, तो याच कारणाने दोन जाडींत: गडद पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांना सडपातळ, फिक्या पाटीवरच्या काळ्यांना जाड.

बर्डीवरच्या सोन्याच्या दुकानाला ही काळजी नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला नाव आधीच ठाऊक आहे. तिथं अक्षर वाचायचं नसतं, चेहऱ्यासारखं ओळखायचं असतं. म्हणून शिरोरेषा खुशाल उडवतात, वेलांटीचा मोर करतात. शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसलं की काम झालं. अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून इंग्रजी नावात एक जादा ‘ए’ घुसडणारेही आहेत. त्याने फायदा होतो तो पाटी रंगवणाऱ्याचा.

भाच्याला पटेना. घरी आल्यावर पाटीवर खडूने ‘वर्धा’ लिहिलं, माझ्या चष्म्याच्या काचांवर बोटाने थोडं खोबरेल फिरवलं आणि तो चष्मा घालून त्याला दाराशी उभं केलं.

"वर्घा," तो म्हणाला.