स्वमग्नता : बालवयातील पूर्वचिन्हे

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित, आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. इतरांशी होणारी देवाणघेवाण व संवाद यांतील वेगळेपणा हे तिचे एक मुख्य अंग, तर ठरावीक हालचाली, आवडी वा क्रम घट्ट धरून राहण्याची ओढ हे दुसरे. निदान बहुधा दोन-तीन वर्षांनंतर, कित्येकदा मूल शाळेत जाऊ लागल्यावर होते. खुणा मात्र त्याआधीच उमटू लागलेल्या असतात. प्रस्तुत नोंद पहिल्या तीन वर्षांतील या खुणांपुरती आहे. त्यांतील बहुतेक खुणा ‘नसण्याच्या’ आहेत. मूल काही विचित्र करते असे नव्हे. त्या वयात जे सहज घडायचे ते घडत नाही, किंवा फार क्वचित घडते. हाकेला मान वळत नाही, कावळा दाखवायला बोट वर जात नाही. न घडलेली गोष्ट घरच्यांच्या नजरेतून सुटते, आणि ती टिपण्यासाठी संशोधकांनाही वेगवेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या.

संज्ञा व आद्य वर्णने : स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी सु. १९१०–११ मध्ये ‘स्वतः’ या अर्थाच्या ‘ऑटोस’ या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडविली. ती छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) एका लक्षणासाठी होती, बालकांच्या विकासाशी तिचा संबंध नव्हता. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे. ‘आत्ममग्नता’ हा पर्यायही आढळतो. मूल स्वतःत बुडून गेले आहे, असे जे दोन्हींतून सूचित होते तो ब्लॉयलर यांच्या कल्पनेचा वारसा होय. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे. येथे ‘स्वमग्नता’ हा शब्द केवळ रूढ म्हणून वापरला आहे.

आद्य वर्णनाचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचे वर्णन १९२५ मध्ये रशियन भाषेत व १९२६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. आजच्या निकषांशी ते आश्चर्य वाटावे इतके जुळते, परंतु ती मुले मोठी होती. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांचा ११ मुलांवरील लेख १९४३ चा, तर व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांचा प्रबंध १९४४ चा. आस्पर्गर यांच्या चिकित्सालयातील गेओर्ग फ्रँकल हे अमेरिकेत येऊन कॅनर यांच्याकडे काम करीत होते. त्यामुळे कॅनर यांना व्हिएन्नातील कामाची आधीच कल्पना असावी, असे मत अलीकडे मांडले गेले आहे. संपर्क होता एवढे त्यातून निश्चित होते. कल्पना उचलली असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि दोघांची वर्णने शेजारी ठेवून वाचली तर तसे वाटतही नाही. इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांवरून आस्पर्गर यांनी नाझी राजवटीला सहकार्य केले व काही अपंग मुलांना जेथे मारले जात असे त्या संस्थेकडे पाठविले, हे स्पष्ट झाले आहे. त्यांच्या प्रबंधाचा उल्लेख करताना ही गोष्ट वगळता येत नाही.

बालवयातील खुणांच्या दृष्टीने कॅनर यांचा लेखच पायाभूत ठरतो. त्यातील डोनाल्ड नावाच्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी मुलाविषयी ३३ टंकलिखित पानांचे पत्र लिहिले होते. कॅनर यांनी ते नुसते टिपण म्हणून बाजूला न ठेवता निरीक्षणाचे साधन मानले. तान्हे मूल साधारण चौथ्या महिन्यात, कोणी उचलायला वाकले की खांदे उचलून तयार होते. ‘आमचे बाळ तसे कधी करीतच नसे’ अशा आशयाची आठवण त्या ११ पैकी बहुतेकांच्या आयांनी सांगितली. स्वमग्नतेच्या पूर्वचिन्हांच्या नोंदींचा आरंभ या न उचललेल्या खांद्यांपासून होतो असे म्हणता येईल.

आरंभकाळाचा वाद : या आठवणींच्या आधारे कॅनर यांनी ही अवस्था जन्मापासूनच असते असे मानले. आस्पर्गर यांच्या मते मात्र त्यांनी वर्णिलेली मुले तिसऱ्या वर्षाच्या आधी सहसा ओळखू येत नाहीत. पुढे १९५६ मध्ये लिऑन आयझेनबर्ग व कॅनर यांनीही, काही मुलांत वर्ष-दीड वर्षाच्या वरकरणी सुरळीत वाढीनंतर खुणा दिसतात, हे मान्य केले. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेने ३० महिन्यांची मर्यादा घातली. २०१३ च्या आवृत्तीने नेमके वय काढून ‘विकासाचा प्रारंभिक काळ’ एवढेच म्हटले. ही माघार नसून प्रगती समजावी, कारण मधल्या काळात प्रत्यक्ष पुरावा हाती आला होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास ‘थंड’ आयांमुळे मुले अशी होतात हा समज बोकाळला. कॅनर यांच्या काही विधानांनी त्याला खतपाणी घातले आणि १९६० च्या दशकात ब्रूनो बेटलहाइम यांनी तो लोकप्रिय केला. मुलाचे बोलणे का आले नाही या प्रश्नाने आधीच खचलेल्या स्त्रियांवर त्याने गुन्ह्याचे ओझे लादले. असंख्य कुटुंबांनी ते भोगले, आणि त्याला शास्त्रीय आधार कधीच नव्हता. सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यांत एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली, द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. आनुवंशिकतेकडे तेव्हापासून गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

वाढदिवसाच्या चित्रफिती : पालकांच्या आठवणींत एक अडचण असते. निदान कळल्यावर मागे वळून पाहताना आठवण नकळत बदलते. त्यामुळे जुन्या घरगुती चित्रफितींना महत्त्व आले. ज्युली ऑस्टरलिंग व जेराल्डीन डॉसन यांनी १९९४ मध्ये पुढे स्वमग्न ठरलेल्या ११ व इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या फिती तपासल्या. केक तोच, फुगे तेच, भोवतीचा गलकाही तसाच. म्हणून तुलना शक्य झाली. बोट दाखवणे, वस्तू दुसऱ्याला दाखवणे, लोकांकडे पाहणे आणि नावाने हाक मारल्यावर वळणे या चार गोष्टींवरून दोन्ही गटांतील प्रत्येकी १० मुले अचूक ओळखता आली. निदान व्हायला अजून वर्ष-दोन वर्षे असताना घरच्या घरी चित्रित झालेल्या प्रसंगात फरक दडलेला होता. अर्थात घरची मंडळी रडणाऱ्या वा रुसलेल्या मुलाचे चित्रण सहसा करीत नाहीत, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

दाखवण्याचे बोट : पूर्वचिन्हांत सर्वाधिक अभ्यास झाला तो तर्जनीचा. एलिझाबेथ बेट्स व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बालकांच्या बोट दाखवण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक मागण्याचे : डब्याकडे बोट, कारण लाडू हवा आहे. दुसरे दाखवण्याचे : चांदोमामाकडे बोट, कारण तो आईनेही पाहावा. दुसऱ्यात मुलाला हवे असते ते केवळ आईचे पाहणे. बोट वर जाते, नजर चंद्राकडून आईच्या चेहऱ्याकडे व पुन्हा चंद्राकडे फिरते. यालाच ‘सामायिक अवधान’ म्हणतात आणि साधारणतः ९ ते १४ महिन्यांच्या दरम्यान ते आकाराला येते. स्वमग्न मुलांत मागणे बरेचसे शाबूत असते, दाखवणे विरळ असते. पुष्कळदा मूल बोटाऐवजी मोठ्यांचे मनगट धरून त्यांचा हात डब्यापाशी नेते, पण चेहऱ्याकडे पाहत नाही. अनुभवी चिकित्सकांना ही खूण शब्दांच्या उशिरापेक्षा अधिक बोलकी वाटते, आणि उपलब्ध पुरावाही त्याच बाजूचा आहे.

सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या निरीक्षणावर चाळणी प्रश्नावली बेतली. दीड वर्षाच्या मुलाच्या घरी आरोग्यसेविका जाई, खोलीतील एखाद्या वस्तूकडे बोट करून ‘ते बघ’ म्हणे व मूल कोठे पाहते ते टिपे. खेळण्यातला कप-किटली देऊन खोटाखोटा चहा ओतायला सांगे, म्हणजे आपल्याकडील भातुकलीच. आग्नेय इंग्लंडमधील १६,००० मुलांच्या पाहणीत १२ मुले दाखवण्याचे बोट, नजरेमागे नजर नेणे व खोटा खेळ या तिन्हींत नापास झाली व त्यांपैकी १० स्वमग्न निघाली. हा निकाल गाजला. काही वर्षांनी त्याच मुलांचा मागोवा घेतल्यावर मात्र, पुढे बालपणीची स्वमग्नता निश्चित झालेल्यांपैकी सु. ३८ टक्केच दीड वर्षाच्या चाळणीत सापडली होती असे दिसले. म्हणजे दाखवण्याचे बोट वा खोटा खेळ नसणे गंभीरपणे घ्यावे, पण ते दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. हा धडा घेऊन २००१ मध्ये सुधारित प्रश्नावली आली. तिची २०१४ ची २० प्रश्नांची आवृत्ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आज जगभर वापरली जाते.

धाकट्या भावंडांचा मागोवा : थोरले मूल स्वमग्न असल्यास धाकट्यात ती शक्यता वाढते. सॅली ओझोनॉफ व इतरांनी २०११ मध्ये ६६४ बालकांच्या पाहणीत हे प्रमाण १८.७ टक्के नोंदविले. त्यामुळे अशा भावंडांना जन्मापासून पाहत राहणे हा गेल्या दोन दशकांतील प्रमुख मार्ग ठरला. कॅनडातील लॉनी झ्वायगेनबाउम यांच्या २००५ च्या अभ्यासात सहाव्या महिन्यात वर्तनाचा फरक जेमतेम होता; बाराव्या महिन्यात मात्र हाकेला वळणे, नजरभेट, अनुकरण, हसण्याला हसून उत्तर, नजर एका वस्तूवरून दुसरीवर नेणे या सर्वांत तो दिसला. वॉरेन जोन्स व आमी क्लिन यांनी २०१३ मध्ये नजरेचा वेध घेणाऱ्या यंत्राने दाखविले की पुढे स्वमग्न ठरणारी बाळे दुसऱ्या महिन्यात डोळ्यांकडे इतरांइतकीच पाहत होती. घसरण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांदरम्यान सुरू झाली. मुलांची संख्या लहान असली तरी निष्कर्ष लक्षणीय आहे.

येथे जुन्या वादाचा बराच उलगडा होतो. काही पालक सांगतात, ‘चार शब्द बोलत होता, टाटा करीत होता, मग सगळे गेले’. या ‘पीछेहाटीला’ पूर्वी आठवणीतील चूक मानले जाई. एमिली वर्नर व डॉसन यांनी २००५ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वाढदिवसांच्या फिती ताडून अशा पालकांचे म्हणणे खरे ठरविले. ओझोनॉफ यांच्या २०१० च्या अभ्यासात सहाव्या महिन्यानंतर हळूहळू उतरण दिसली, पण त्यांतील बहुतेक पालकांना ती जाणवली नव्हती. जन्मजात की नंतरची, अशा दोन पेट्यांऐवजी वेगवेगळ्या वेगाने होणारी उतरण मानणे आता अधिक सयुक्तिक दिसते.

याच वयात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस दिली जात असल्याने दोन्हींचा संबंध जोडला गेला. तसा दावा करणारा १२ मुलांवरील १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला, आणि डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या पाहणीतही संबंध आढळला नाही.

मर्यादा : कोणतीही एक खूण म्हणजे निदान नव्हे. टाचा उचलून चालणे, गाड्या ओळीत लावणे, हात फडफडवणे हे इतर मुलेही करतात. हाकेला न वळणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी आधी करावी लागते, मग ते शेजारच्या खोलीतून बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज ऐकून धावत येत असले तरी. मुलींमधील खुणा कमी अभ्यासल्या गेल्या आहेत व त्यांचे निदान उशिरा होते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे घरातले आश्वासन प्रेमाने दिलेले असते, पण त्यात मोलाचे महिने जातात.

भारतातील स्थिती : शहरी भारतातील ९५ कुटुंबांच्या अभ्यासात टॅमरा डेली यांना २००४ मध्ये असे दिसले की येथील पालकांना बोलण्यापेक्षा मुलाचे माणसांतले वेगळेपण आधी खुपते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० बाबींची भारतीय मापनश्रेणी तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे, त्यामुळे पूर्वचिन्हांसाठी तिचा उपयोग नाही. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांतील विकासविकारांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच केंद्रांच्या पाहणीत उत्तर गोव्याचा समावेश होता. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांसोबत बसून त्यांच्याच खेळाच्या चित्रफिती पाहिल्या व मुलाच्या बारीक इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यावा हे दाखविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. सामायिक अवधानाचा वेळ मात्र घटलेला आढळला.