आर्गोचा समुद्री डेटा हवाय? अर्ज कुठे, कागदपत्रं काय, सगळं एकदाच

प्रोजेक्ट सबमिशनचा सीझन आला की कोणीतरी विचारतंच, आर्गोच्या डेटासाठी फॉर्म कुठे भरायचा, कॉलेजचं लेटर लागतं का, फी किती. तर ऐका, फॉर्म नाही, लेटर नाही, फी शून्य, साधं लॉगिनसुद्धा नाही. विद्यार्थी असा, मच्छीमार सोसायटीत असा नाहीतर नुसती हौस असू दे, पात्रता म्हणजे इंटरनेट, बस.

आर्गो म्हणजे जगभरच्या समुद्रांत सोडलेले साधारण ४००० फ्लोट, म्हणजे आपोआप वरखाली करणारी तरंगती मापनयंत्रं. एकेक फ्लोट १००० मीटरवर वाहत राहतो, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येता येता तापमान, क्षारता, दाब मोजून सॅटेलाइटवरून पाठवतो. भारताच्या फ्लोटचा डेटा हैदराबादचं इनकॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) बघतं, आणि सगळ्या देशांचा माल दोन सर्व्हरवर सारखाच पडतो, एक फ्रान्समध्ये, एक अमेरिकेत. कुठलाही उघडा, 'डॅक' (डेटा केंद्रांचं) फोल्डर, त्यात इनकॉइस, त्यात फ्लोटचा डब्ल्यूएमओ नंबर (त्याचा ओळख क्रमांक), त्यात प्रोफाइल्स, म्हणजे एकेका बुडीची मोजमापं. फाइल नेटसीडीएफ या शास्त्रीय डेटाच्या फॉरमॅटमध्ये असते, एक्सेलमध्ये उघडायच्या फंदात पडू नका, पायथन घ्या.

आता खरी गंमत. फाइलचं नाव आर ने सुरू होत असेल तर तो रिअल टाइम डेटा, साधारण २४ तासांत आलेला, फक्त मशीनने तपासलेला. डी असेल तर माणसाने बसून तपासलेला, पण त्याला वर्षभर लागू शकतं. शिवाय प्रत्येक आकड्याला फ्लॅग असतो, १ म्हणजे चांगला, २ बहुतेक चांगला, ३ बहुतेक खराब, ४ खराब. मी पहिल्यांदा फ्लॅग न बघताच ग्राफ काढला आणि अरबी समुद्राची क्षारता ४१ आली!! तिथे ती ३५-३६ च्या आसपास असते, गाइडने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. क्षारतेच्या सेन्सरचं माप काळाबरोबर सरकत जातं म्हणून रिसर्चला 'ॲडजस्टेड' लिहिलेलाच कॉलम घ्यायचा, फ्लॅग १ (फारतर २) ठेवायचा.

कागदपत्र म्हणाल तर एकच, श्रेय. आर्गोचा डीओआय (डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) द्यायचा, आणि डेटा रोज बदलतो म्हणून त्या महिन्याच्या स्नॅपशॉटची, म्हणजे जतन केलेल्या प्रतीची, की (कोड) त्याला जोडायची, म्हणजे परीक्षकाला नेमका तोच डेटा सापडतो. हे बरेच जण विसरतात, खरं तर फुकटात मिळालेल्याची एवढी तरी किंमत द्यावी.

प्रक्रिया आहे ती डेटा देणाऱ्याला. तुमच्या संस्थेला स्वतःचा फ्लोट आर्गोत घालायचा असेल तर समुद्रात टाकायच्या आधी ओशनऑप्समध्ये (समुद्रातल्या अशा यंत्रांची नोंद ठेवणारं आंतरराष्ट्रीय केंद्र) नोंद करायची, तिथून डब्ल्यूएमओ नंबर घ्यायचा, आणि डेटा राष्ट्रीय केंद्रातून रिअल टाइम जाणार, नंतर माणसाने तपासून 'डी' फाइल कोण देणार, हे आधीच ठरलेलं लागतं. फ्लोट वाहत दुसऱ्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत जाण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आगाऊ कळवायचं, हा आयओसीचा (युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग) १९९९ चा ठराव आहे. 'आधी टाकू, मग मेल करू' इथे चालत नाही.