खुलासा: कृपादाने फक्त पाळकांनाच मिळतात का?

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो: कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेली देणगी, हे व्यासपीठावरचं काम. ते पाळकसाहेबांचं, फार तर गायकवृंदाचं. बाकीच्यांनी रविवारी यायचं, ऐकायचं, दान टाकायचं आणि घरी जायचं.

प्रेषित पौलाची शिकवण ही नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की आत्म्याचं दान प्रत्येकाला मिळतं, आणि ते सर्वांच्या हितासाठी. तिथल्या यादीत शिक्षकांबरोबर मदत करणारेही आहेत. रोमकरांस १२ मध्ये दान देणं आणि दया करणं हीसुद्धा कृपादानेच. आणि इफिसकरांस ४ प्रमाणे पाळक दिले ते पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करायला. म्हणजे सेवा सगळ्यांनीच करायची! हे आपल्याकडे फार कमी वेळा सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या नाशिकमधल्या शरणपूरचंच उदाहरण घ्या. गुलामीतून सुटलेला जेकब वेनराइट इथल्या मिशनशाळेत शिकला. तो दीक्षित पाळक नव्हता. तरी १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा अंत्यविधीची उपासना त्यानेच वाचली.

मंडळीला शरीराची उपमा देऊन पौल आणखी पुढे जातो: शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात, तेच अधिक गरजेचे. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आजींना ‘आता त्यांच्याकडून काय होणार’ म्हणू नका. मंडळीच्या प्रार्थनाविनंत्यांची वही या आठवड्यात त्यांच्याकडे नेऊन द्या.