लॉगफोरशेल

लॉगफोरशेल : लॉगफोरजे या जावा लायब्ररीत (जावा भाषेतल्या प्रोग्रामांना जोडायच्या तयार कोडात) डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेली सुरक्षा-त्रुटी, अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८. दूर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू देणाऱ्या त्रुटींना ‘रिमोट कोड एक्झिक्यूशन’ किंवा नुसते ‘आरसीई’ म्हणतात. त्या जातीतली ही बहुधा सर्वांत गाजलेली. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले.

लॉगफोरजेचे काम कारकुनी आहे. कोण लॉगिन झाले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणत्या ब्राउझरने पान मागितले, हे सारे ती टिपून ठेवते. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली मोजके स्वयंसेवक ती सांभाळतात, आणि फुकट व भरवशाची म्हणून जगभरच्या जावा प्रणालींत ती जाऊन बसली. नोंदीत डॉलरचे चिन्ह व महिरपी कंस दिसले, की आतला मजकूर तसाच न उतरवता त्या जागी त्याचे मूल्य भरायचे, ही तिची एक सोय. २०१३ मध्ये त्या सोयीत जेएनडीआयची भर पडली. जेएनडीआय ही नावावरून वस्तू शोधून आणणारी जावाची यंत्रणा. ती वस्तू परक्या सर्व्हरवरूनही आणते. मजकूर प्रोग्रामरचा आहे की बाहेरून आलेला, हे मात्र कोणी तपासत नव्हते. अर्ज नोंदवहीत उतरवायला बसवलेला कारकून अर्जातला हुकूमच पाळायला उठत होता.

महिरपी कंसात ‘जेएनडीआय’, पुढे ‘एलडॅप’ (दूरच्या सर्व्हरकडून माहिती मागवण्याची एक पद्धत), पुढे हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता : एवढी ओळ लॉगिनच्या रकान्यात किंवा ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या हेडरमध्ये घातली, की काम झाले. नोंद करता करता सर्व्हर स्वतःच त्या पत्त्यावर जाई, तिथला क्लास (जावा कोडचा तुकडा) उतरवून घेई आणि चालवी. माइनक्राफ्टमध्ये ही ओळ गेमच्या चॅटमध्ये टाकणे पुरे होते. जावाच्या नव्या आवृत्त्यांत बाहेरचा क्लास असा थेट येत नसे, पण सर्व्हरवर आधीच असलेल्या क्लासांची मोट बांधून तोच डाव साधता येई.

अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा-चमूने २४ नोव्हेंबरला अपाचेला खासगीत कळवले. (सरकारला वेळेत सांगितले नाही म्हणून चीनच्या मंत्रालयाने पुढे त्याच कंपनीशी सहकार्य सहा महिने थांबवले.) ९ डिसेंबरला हल्ल्याचा नमुना जगजाहीर झाला, १० ला दुरुस्त आवृत्ती २.१५.० आली. तीही अपुरी निघाली, म्हणून १३ ला २.१६.० आली आणि तिच्यात जेएनडीआय मुळातच बंद ठेवले. मग २.१७.० व महिनाअखेरीस २.१७.१. पहिल्या रात्री जागून पॅच (दुरुस्ती) लावणाऱ्यांना महिन्याभरात तेच काम चारदा करावे लागले.

पॅच म्हणजे खरे तर एक जार फाइल (जावा क्लासांचे गाठोडे) बदलणे. अवघड होते ती सापडणे. ती बहुधा दुसऱ्या जारच्या पोटात, ती जार तिसऱ्या लायब्ररीच्या पोटात, आणि हे सगळे विकत घेतलेल्या एखाद्या उत्पादनात. ‘आम्ही लॉगफोरजे वापरतच नाही’ म्हणणाऱ्यांकडेही ती निघाली. नवी आवृत्ती लगेच बसवता येत नसेल, तर झिप कमांडने जारमधून ‘जेएनडीआयलुकअप’ हा एकच क्लास काढून सर्व्हर रीस्टार्ट करायचा, हा तात्पुरता इलाज. तो भरवशाचा ठरला. संशयास्पद मजकूर अडवणाऱ्या नुसत्या फायरवॉलवर विसंबलेल्यांची मात्र फसगत झाली : नियम ‘जेएनडीआय’ हा शब्द शोधत, आणि हल्लेखोर त्याचे एकेक अक्षर वेगळ्या कंसांत फोडून पाठवत.

पॅच लावल्याने आधीच आत शिरलेला बाहेर जात नाही, म्हणून जुने लॉग (नोंदी) चाळणे हाही या दुरुस्तीचाच भाग. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात असे सदोष सर्व्हर दशकभर किंवा त्याहून जास्त काळ सापडत राहतील, असे म्हटले. तिथल्या केंद्रीय कार्यालयांना ही त्रुटी बुजवायला २३ डिसेंबर २०२१ ची मुदत होती. तरीही फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास त्यांपैकीच एका कार्यालयात, पॅच न लावलेल्या व्हीएमवेअर होरायझन (कामाचा संगणक दुरून वापरू देणारी प्रणाली) सर्व्हरमधून हल्लेखोर शिरले आणि त्यांनी तिथे क्रिप्टो-मायनर (दुसऱ्याच्या संगणकावर आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) बसवला. ते इराण सरकारच्या पाठबळाचे होते, असे अमेरिकी यंत्रणांनी त्या नोव्हेंबरात जाहीर केले.